मास्तर विमान शिकतात

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. या दुसऱ्या ब्रेकवर मास्तरांनी सव्वीस वर्षं पाय ठेवला आणि त्याच्या जोरावर भल्याभल्यांचा पाणउतारा केला. त्यांची पद्धत ठरलेली होती. नवा माणूस गाडीत बसला की पंधरा दिवस "वा, जमतंय की!" म्हणत त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि क्लच-ब्रेक गुपचूप आपणच सांभाळायचे. सोळाव्या दिवशी स्कूलच्या दारात, चारचौघांच्या देखत सांगायचं, "गाडी तुम्ही नाही, मी चालवत होतो. तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरून बसला होतात. चला, आता शिकायला सुरुवात करू." कुणी ओशाळून हसे, कुणी रडे. बँकेतली एक बाई गाडीतून उतरली ती परत म्हणून कधी गाडीच्या वाटेला गेली नाही. मास्तर हा किस्सा घरी जेवताना चवीने सांगत. तेव्हा पुढे जे झालं त्याबद्दल त्यांची कीव करायची असेल तर जरा बेताने करावी.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचा पाय चुकला. म्हणजे पडला तो ब्रेकवरच, पण उशिरा. शिकाऊ मुलीने वळणावर गडबडून गाडी फुटपाथवर घातली आणि मास्तरांनी ब्रेक दाबेपर्यंत दिव्याचा खांब बॉनेटमध्ये आला होता. मुलीच्या गुडघ्याला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी मालकाने मास्तरांकडून गाडीची किल्ली मागून घेतली.

"मास्तर, आता काउंटर सांभाळा. बसून काम आहे."

हा मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा. मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. अठराव्या वर्षी त्यालाही मास्तरांनी दारात उभं करून ते ठरलेलं वाक्य ऐकवलं होतं, तेही बापासमोर. बाप पोट धरून हसला होता. मास्तर ते कधीच विसरून गेले होते. मालक विसरला नव्हता.

काउंटरवर अर्ज तपासायचे, फोटोला गोंद लावायचा, शिक्का मारायचा. समोरच्या काचेतून गाडी बाहेर पडताना दिसे आणि आपल्या सीटवर बसलेला तिशीतला नवा शिक्षक दिसे. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबत. तो सगळा राग घरी निघे. भाजीत मीठ कमी, नळ गळतोय, बेल कुणी वाजवली, कशावरूनही तोंड सुटे. बायको गप्प ऐकून घेई. एकतीस वर्षांत तिला सवय झाली होती, पण आता दिवसाकाठी जे दोनदा होई ते सहा-सात वेळा होऊ लागलं होतं.

दर सोमवारी मास्तर मालकासमोर उभे राहत. "माझे हात-डोळे अजून तुमच्यापेक्षा तल्लख आहेत. गाडी द्या." मालक कंटाळला. एका सोमवारी म्हणाला, "तल्लख आहेत? मग आमच्या क्लबात या. रिमोटचं विमान शिका. वार्षिक दिवसाला एकट्याने उडवून उतरवून दाखवा, दुसऱ्या दिवशी किल्ली तुमच्या हातात देतो."

"शब्द?"

"शब्द."

वार्षिक दिवसाला चार महिने होते.

क्लब म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, गवत कापून केलेली एक लांब पट्टी आणि घडीच्या आठ-दहा खुर्च्या. नवशिक्यांना शिकवण्याचं काम दातांच्या डॉक्टरांकडे होतं. डॉक्टर स्वभावाने मऊ. समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणणारा माणूस. पहिल्या रविवारी त्यांनी मास्तरांना नीट समजावलं. रिमोट दोन, एक गुरूचा आणि एक शिष्याचा, मध्ये वायर. गुरूच्या रिमोटला एक बटण. गुरूने ते दाबून धरलं तर विमान शिष्याच्या हातात. बोट उचललं की परत गुरूकडे.

"म्हणजे दुसरा ब्रेक!" मास्तर खूश झाले.

डॉक्टरांनी विमान वर नेऊन बटण दाबलं. पुढच्या पाच मिनिटांत ते तीन वेळा नाकावर आलं. विमान लांब जात असतं तोवर ठीक असतं. ते आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की आपलं डावं ते त्याचं उजवं होतं. सावरायला म्हणून रिमोटची दांडी दाबावी तर विमान आणखी कलतं. सगळे नवशिके इथेच महिनाभर रडतात. मास्तरही रडले असते आणि शिकले असते. पण तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विमान गुडघाभर उंचीवरून ओढून काढलं तेव्हा मालक मागे उभा होता. मास्तर चहा घ्यायला गेल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला, "उगाच कशाला जीव टांगणीला लावतोस? बटण दाबूच नकोस."

"आणि त्यांना कळलं तर?"

"तेच तर बघायचंय."

डॉक्टर हो म्हणाले.

दुसऱ्या रविवारपासून मास्तरांच्या हातातला रिमोट हा नुसता डबा होता. डॉक्टर अर्धं पाऊल मागे उभे राहत, तिरक्या नजरेने मास्तरांचे अंगठे बघत आणि शहाणपणाची दांडी पडली तर तसं वळवत, वेड्यासारखी पडली तर सोडून देत. ताकास तूर लागू देत नसत. विमान झोकात वळे, झोकात परते, हलकेच गवतावर टेके. "वा मास्तर, जमतंय की!" डॉक्टर म्हणत. खुर्च्यांवरची मंडळी तोंडावर हात धरून हसत. मास्तरांची पाठ त्यांच्याकडे असे.

आणि मास्तर फुलले. जी गोष्ट लोकांना महिनाभर छळते ती आपल्याला एका आठवड्यात जमली, तर दोष हातात नव्हताच, खांबच वाईट जागी होता, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. दोन महिन्यांत ते इतर नवशिक्यांना धडे देऊ लागले. एक कॉलेजातला प्राध्यापक तेव्हा खरोखर शिकत होता आणि खरोखर विमानं पाडत होता. त्याला मास्तर म्हणाले, "साहेब, डावं-उजवं काय लहान मुलासारखं घोळवता? विमानात बसलोय असं समजा. अक्कल लागते थोडी." मंडळी हसून लोळायची बाकी राहिली. आपल्या विनोदाला दाद मिळाली म्हणून मास्तरही हसले.

घरी तर वेगळाच माणूस नांदत होता. जेवणाच्या टेबलावर पातळ लाकडाच्या पट्ट्या, गोंद, टाचण्या यांचा पसारा पडला. मास्तर वार्षिक दिवसासाठी स्वतःचं विमान बांधत होते. पंखांवर चिकटवायचा लाल प्लास्टिकचा कागद गरम इस्त्रीने ताणून बसवावा लागतो. ते काम बायकोने केलं. मास्तर दोन्ही हातांनी पंख धरून बसत आणि ती इस्त्रीचं टोक कडेकडेने फिरवी. इस्त्रीचा तळ कायमचा चिकट झाला, तिच्या दोन चांगल्या साड्यांना लाल डाग पडले. पण तिने चकार शब्द काढला नाही. दर रविवारी थर्मास घेऊन ती मैदानावर येई आणि मागे कडेच्या खुर्चीवर बसून बघत राही.

"बघितलंस ना, कसं उतरवलं?"

"बघितलं."

वार्षिक दिवसाच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांचं धाबं दणाणलं. ते मालकाच्या ऑफिसात गेले. "उद्या त्यांच्या हातात खरा रिमोट द्यावा लागेल. आपण सांगून टाकू. नाहीतर उद्याही मीच उडवतो, कुणाला कळणार नाही. तू किल्ली देऊन टाक."

मालक म्हणाला, "आणि परवा गाडीत पोरगी बसली असताना ब्रेक कोण दाबणार? तू?"

मालक दुष्ट होता यात शंका नाही, पण त्या मुलीच्या गुडघ्यावरचे टाके त्याने घातलेले नव्हते.

"विमान पडू दे," मालक म्हणाला. "सोमवारी सोमवारी दारात उभं राहणं तरी थांबेल."

वार्षिक दिवसाला तीस-चाळीस माणसं जमली. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरांनी लाल विमान वर नेलं, सरळ केलं, गुरूचा रिमोट मास्तरांच्या हातात दिला आणि दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले. मास्तरांनी मागे वळून मालकाकडे बघितलं. तसं बघायची काही गरज नव्हती.

विमान लांब जात होतं तोवर सगळं ठीक होतं. ते चांगलं बांधलेलं विमान होतं, हात न लावता सरळ गेलं असतं. मास्तरांनी वळणासाठी दांडी दाबली आणि ते एवढं वळलं की त्यांना दचकायला झालं. आता ते त्यांच्याकडे तोंड करून येत होतं आणि एका बाजूला कललं होतं. त्यांनी सावरलं. ते आणखी कललं. त्यांनी जोरात सावरलं. मग जे काय हाताला येईल ते दाबत सुटले, त्यात वेगही वाढला. डॉक्टर ओरडले, "सोडा! दांड्या सोडा!" माणसं पळाली. लाल विमान खुर्च्यांच्या रांगेत घुसलं. क्लबातला एक औषध दुकानदार ज्या खुर्चीवरून नुकता उठला होता तिच्या पाठीचे दोन तुकडे झाले. विमानाचे किती झाले ते मोजण्यासारखे नव्हते.

मास्तर रिमोट हलवत डॉक्टरांवर धावून गेले.

"हा बिघडलाय! माझ्या हाताचं ऐकतच नव्हता! आजपर्यंत कसा ऐकत होता?"

"आजपर्यंतही ऐकत नव्हता, मास्तर," मालक शांतपणे म्हणाला. मग त्याने चारचौघांच्या देखत सगळं सांगितलं. बटण, अंगठे, पंधरा रविवार. आवाज अजिबात न चढवता, मास्तर स्वतः सांगत तसंच. डॉक्टर बुटाने गवत उकरत होते.

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे मला शिकवलंच नाही! ही फसवणूक आहे. ही परीक्षा मी मानत नाही. अजून चार महिने द्या, नीट शिकवा, मग बघू."

"बरोबर आहे. शिकवलं नाही," मालक म्हणाला. "मला एवढंच सांगा. सव्वीस वर्षं तुम्ही दुसऱ्या ब्रेकवर बसलात. पंधरा रविवार तुमच्या हाताने काही होत नव्हतं. तुम्हाला कळलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. कळलं नाही म्हणावं तर गाडी गेली. त्यांनी चाळीस माणसांकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, "कळलं होतं. पहिल्यापासून कळलं होतं. तुमची गंमत बघत होतो."

"अस्सं. मग उडवता येत नाही हे माहीत असून समोर माणसं बसलेली असताना रिमोट हातात घेतलात?"

औषध दुकानदार आपल्या खुर्चीकडे बघत होता. कुणी हसलं नाही. हसले असते तर मास्तरांना भांडता तरी आलं असतं. प्राध्यापक पुढे आला आणि खाली वाकून लाल कागदाचे तुकडे गोळा करू लागला, ते मास्तरांना सगळ्यात झोंबलं.

बायकोने पंखाचा त्यातल्या त्यात मोठा तुकडा पिशवीत घातला, थर्मास उचलला आणि ती त्यांच्यामागून स्कूटरपाशी आली. मास्तर किल्ली लावत म्हणाले, "हरामखोर आहेत सगळे. तुझ्या तरी लक्षात आलं होतं का काही?"

तिने पिशवीचे बंद बांधले.

"दुसऱ्या रविवारी," ती म्हणाली. "मी मागे कडेला बसायचे. डॉक्टरांचे अंगठे दिसायचे."

"आणि बोलली नाहीस? पंख इस्त्री करत बसलीस?"

"चार महिने घरात कुणी ओरडलं नाही."

मास्तरांना ओरडायचं होतं, सवयीने छाती भरूनही आली होती, पण आवाज निघेना. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी हेल्मेट घालून झाकलं, स्कूटर चालू केली आणि मान पुढे ठेवूनच म्हणाले, "बस."

ती बसली नाही.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली, "मी चालत येते." आणि पिशवी काखेत मारून रस्त्याच्या कडेने निघालीसुद्धा.