बाबांच्या हातातली गुणगुण

बाबांचा डावा हात गुणगुणायचा. मनगटाच्या वर बोटं टेकवली की आत भुंगा कोंडल्यासारखं लागे, आणि कान लावला तर आवाजही येई. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी तिथे दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून दिल्या होत्या. डायलिसिसच्या सुया तिथंच टोचत. या हातावर घड्याळ नको, ओझं नको, काही बांधणं नको, आणि गुणगुण थांबली तर धावत या, असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणून आमच्या घरी चहाच्या आधी मी बाबांच्या हाताला कान लावायची.

खरं सांगते, मला त्या हाताची भीती वाटायची. दुपारी बाबांचा विणायचा माग बंद, बाबा गाढ झोपलेले, घरात कुणाची हालचाल नाही, आणि हात आपला चालूच. तो बाबांचा वाटायचाच नाही.

भंडाऱ्यात डायलिसिसची यंत्रं आली आणि आमचे नागपूरचे हेलपाटे सुटले. सकाळच्या बसने गेलेले बाबा दुपारी घरी येऊ लागले. पण रक्तवाहिनी जोडायची तर अजूनही नागपूरच गाठावं लागे. हात सांभाळा, असं सिस्टर दर खेपेला सांगायच्या.

राखीला दिघोरीहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण. धानाचं रोवणं आटोपून आली होती. तोंडाने फटकळ, पण भावावर भारी जीव. बाबांच्या उजव्या मनगटाला तिने राखी बांधली. दुपारी डायलिसिसहून येऊन बाबा झोपले, तेव्हा ती उशाशी वारा घालत बसली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आली ती पांढरीफटक पडून.

"भाऊच्या हातात कोणी तरी बसलं हाये. बोलून राहिलं."

मला हसू आलं. "आत्या, रक्त हाये ते. जोरात वाहते म्हणून आवाज येते."

"रक्त कायले बोलन? माह्या हातातलं बोलते का?"

मी भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान लावला, तर काहीच नाही. दुसरा कान लावला. हात मुका. ज्या आवाजाला मी एवढी घाबरायची, तो नव्हता तर घर भयाण वाटायला लागलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांची बाही वर सारली. कोपराच्या वर काळा दोरा होता, मांसात रुतलेला.

"राती भाऊ झोपला तवा बांधला. घट्टच बांधा लागते," दारातून आत्या म्हणाली. "ढिला राहिला तं जात नाही. गेलं ना?"

केवढं समाधान होतं तिच्या चेहऱ्यावर. मी दोरा कापला आणि तिला नाही नाही ते बोलले. तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं मुकाट ऐकून घेतलं.

नागपुरात ती वाहिनी पुन्हा सुरू झाली नाही. बाबांच्या मानेत नळी घालून डायलिसिस चालवलं, आणि उजव्या हातात नवी जोडणी केली. शिरा बारीक आहेत, हाही हात गेला तर पुढचं कठीण आहे, असं डॉक्टर म्हणाले. तो हात गुणगुणायला लागला तेव्हा मी दवाखान्यातच रडले.

पुढच्या राखीला आत्या येईल असं वाटलं नव्हतं. आली. रक्ताची गोष्ट तिला शेवटपर्यंत पटली नाही. पण राखी तिने मुक्या डाव्या हाताला बांधली, तीही सैल. मग उजव्या हाताला कुंकू लावलं, चार अक्षता ठेवल्या आणि खाली वाकून म्हणाली, "बस बाप्पा, इथंच बस. तुले आता कोणी हाकलत नाही."

मी हसले नाही. माझेही हात जोडले गेले होते.

आत्या बराच वेळ कान लावून होती. शेवटी बाबांनीच विचारलं, "काय म्हणते, बाई?"

"हाये म्हणते."