चिखलीत आलेलं नावेचं इंजिन

जे इंजिन सकाळी येतं आणि संध्याकाळी दुरुस्त होऊन जातं, त्याची आठवण कुणाला राहत नाही. जे पडून राहतं, ज्याला येणारा-जाणारा हात लावून सल्ला देऊन जातो, त्याच्याभोवती किस्से साठत जातात. चिखलीला शेषराव मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये मी कामाला होतो, तेव्हा असं एक इंजिन आलं. आमचं रोजचं काम म्हणजे विहिरीवरची ऑइल इंजिनं आणि पिठाच्या गिरण्या. हे मात्र नावेच्या मागे लावायचं इंजिन होतं. तसलं आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. मिस्त्रींनीही नाही, पण त्यांनी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

इंजिन गणपत भोयांचं. पैनगंगेकाठच्या त्यांच्या गावात पावसाळ्यात नदीनं वाट अडवली की ते नावेतून माणसं उतरवायचे. बैलगाडीवरून पडून त्यांचा उजवा खांदा गेला आणि बांबू मारून नाव ढकलणं बंद झालं. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता, सरपंचांनाही गावात काहीतरी नवं हवं होतं. ते म्हणाले, मृग लागायच्या आत इंजिनावर नाव चालवून दाखव, घाट, म्हणजे माणसं उतरवायचा मक्ता, तुझ्याकडेच ठेवतो. नाहीतर घाट गणपतभाऊंच्या चुलतभावाकडे, पुंजाजीकडे जाणार. गणपतभाऊंनी कुठल्याशा लिलावातून हे बंद इंजिन उचललं आणि घरी बायकोला सांगितलं, चालू आहे!

*

चिखलीला यायला गणपतभाऊ इंजिन एसटीच्या टपावर चढवून घेत होते, तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हे?"

"नावेचं इंजिन."

कंडक्टरनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. नांगरलेलं कोरडं रान.

"चिखलीले नदी कधी आली, बुवा?"

*

दोरी गुंडाळून ओढायची ती वरची जड चकती म्हणजे फ्लायव्हील. ठिणगी पाडणारं सगळं सामान तिच्याखाली, आणि ती गंजून शाफ्टला घट्ट धरून बसलेली. मिस्त्रींनी रॉकेल पाजून पाहिलं, हलली नाही. मग त्यांनी नट शाफ्टच्या टोकापर्यंत सैल केला आणि बाजारातल्या किसन हमालाला बोलावलं. किसननं फ्लायव्हील धरून अख्खं इंजिन अधांतरी उचलायचं, मिस्त्रींनी नटावर हातोडी मारायची.

पहिल्याच घावाला टण्ण वाजलं आणि फ्लायव्हील सुटलं. मिस्त्री खूश! किसननं मात्र इंजिन हळूच खाली ठेवलं आणि चालू लागला.

"म्या नाही तोडलं," तो जाता जाता म्हणाला. "म्या नुसतं धरलं व्हतं."

पुढे बरेच दिवस तो आमच्या दुकानावरून जायचं टाळायचा.

*

फ्लायव्हीलखाली कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं होतं, तेही नेमकं ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर. ते खरवडून काढलं, पॉइंट घासले. खरा घोटाळा त्यापुढे होता. फ्लायव्हील शाफ्टवर बरोबर जागी बसावं म्हणून मध्ये एक बारीक चावी असते. ती तुटली की फ्लायव्हील सरकतं आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. इथे कुणी तरी चावीच्या जागी बैलाच्या नालेचा खिळा ठोकला होता आणि तोही निम्मा कापला गेला होता.

मिस्त्रींनी समजावून सांगितलं, "गणपतभाऊ, ठिणगी येते. पण पंगत उठल्यावर येते."

गणपतभाऊंनी जरा विचार केला. "मंग तिले आधी आवतन द्या ना."

मिस्त्री कानस घेऊन बसले आणि नवी चावी घासून काढली.

*

ठिणगी तपासायची मिस्त्रींची पद्धत साधी होती. प्लगची वायर दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्या दिवशी मी आधीच मागे सरकलो होतो, म्हणून दुसरे म्हणजे गणपतभाऊच. मिस्त्रींनी दोरी ओढली आणि गणपतभाऊंचा उजवा हात ताडकन डोक्याच्या वर गेला. तोच हात, जो गाडीवरून पडल्यापासून छातीच्या वर जात नव्हता.

"लागलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

गणपतभाऊ हाताकडे बघत राहिले. मग वायर पुन्हा धरली.

"अजून एक डाव ओढा, मिस्त्री."

*

हे इंजिन पाण्याबाहेर फार वेळ चालवता येत नाही, तापतं. शेजारच्या काशीबाईंचा म्हशीचा हौद होता, त्यात ते उभं केलं. सुरू झालं, सुरेख सुरू झालं! पण इंजिनाच्या खालच्या टोकाच्या पंख्यानं हौदातलं निम्मं पाणी भिंतीवर फेकलं आणि उरलेल्यावर तेलाचा तवंग आला. म्हशीनं तोंड लावलं नाही.

काशीबाई बाहेर आल्या. "नदीचं इंजिन नदीत न्या ना, मिस्त्री. माह्या म्हशीले कुठं जायचं हाय?"

*

चाचणीला मी गेलो. मिस्त्री आले नाहीत, त्यांना पोहता येत नव्हतं. नावेत सरपंच, दोन पंच, गणपतभाऊ आणि मी. काठावर सगळं गाव, त्यात गणपतभाऊंची बायको. बाजूला पुंजाजी आपल्या नावेत बांबू धरून उभा.

गणपतभाऊंनी डाव्या हातानं दोरी ओढली आणि नाव निघाली. डोहाच्या मध्यावर पोहोचलो तेव्हा सरपंचांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की घाट गणपतभाऊंकडे राहिल्यातच जमा होता.

"बंद कर रे जरा," ते म्हणाले. "नव्या इंजिनाले नारळ नाही फोडला काऊन?"

नारळ एका पंचाच्या पिशवीत होता. दगड नव्हता. लाकडी नावेत टणक अशी एकच वस्तू होती. मी तोंड उघडेपर्यंत सरपंचांनी नारळ फ्लायव्हीलवर हाणला. पाणी सगळं आत, पॉइंटवर.

गणपतभाऊंनी दोरी ओढली. मी ओढली. काही नाही.

"पाणी गेलं आत," मी म्हणालो.

"नारळाचं पाणी हाय," सरपंच म्हणाले. "त्यानं काऊन बिघडंल?"

नाव धारेला लागली. गणपतभाऊंनी बांबू उचलून पाहिला, तो खांद्याच्या वर जाईना. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी पुंजाजी आला, त्यानं दोर बांधला आणि बांबू मारत आम्हाला सगळ्यांना काठाला आणलं.

सरपंच ओशाळले होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "बोल पुंजाजी, घाट घेतं का?"

पुंजाजीनं नावेत पडलेल्या नारळाकडे पाहिलं.

"गणपतलेच राहू द्या," तो म्हणाला. "इंजिन तं चाललं व्हतं. माह्या बापापासून आम्ही बांबू मारून राह्यलो. बांबूवर कोणी नारळ नाही फोडला."

मग त्यानं वाकून खोबऱ्याचा एक तुकडा उचलला, अर्धा मोडून गणपतभाऊंच्या हातावर ठेवला आणि उरलेला खात आपल्या नावेकडे गेला.