धारूरच्या पायथ्याची उसाची रेल्वे

"एप्रिलात बीडला? लोक महाबळेश्वरला जातात गं!" नवऱ्यानं डोक्याला हात लावला. पण बंद पडलेले रेल्वेमार्ग म्हटले की मी कुणाचं ऐकत नाही, हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. एका ओळखीच्या बाईंकडून कळलं होतं, की धारूरजवळ बंद पडलेल्या एका सहकारी साखर कारखान्याची ऊस वाहायची छोटी रेल्वे तिथले निवृत्त कामगार फुकट राबून परत चालू करताहेत. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तीन दिवसांचे कपडे भरले आणि निघाले.

पुण्याहून पहाटेची एसटी धरा, दुपारी बीड. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. पुढे नेकनूर, केज करत धारूर. नेकनूरला बस थोडी थांबते, भजी झकास मिळतात, पण पाणी मागितलं तर हॉटेलवाला विकतच्या बाटलीकडे बोट दाखवतो. त्याचा काय दोष? दुष्काळी वर्षात तिकडे जाणार असाल तर आपलं पाणी आपण न्या. केजच्या पुढे शेतं इतकी उघडीबोडकी दिसत होती, की मांडीवरचा कॅमेरा उचलायची मला लाज वाटली.

धारूरच्या स्टँडवर नामदेवतात्या घ्यायला आले होते. वय सत्तरीचं, अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. कारखाना चालू असताना या रेल्वेच्या रुळांची सगळी देखभाल त्यांच्याकडे होती. स्कूटरवर मागे बसवून त्यांनी मला थेट रुळांवरच नेलं. चहापाणी, हातपाय धुणं सगळं नंतर.

एकमेकांपासून दोन हातांवरचे हे रूळ कारखान्याच्या विहिरीपासून निघतात आणि ओढा ओलांडून दीड किलोमीटरवरच्या एका वस्तीला जातात. रस्त्याचा पूल खचल्यापासून वस्तीवर टँकर जात नाही. रेल्वेचा दगडी पूल शाबूत आहे, पण अरुंद. त्यावरून रुळांवरची ट्रॉलीच जाणार. विहिरीला अजून पाणी होतं. ट्रॉलीवर टाक्या ठेवायच्या, चार माणसांनी ढकलायचं, पाणी दारात. एवढ्यासाठी सहा म्हातारे गेली दिवाळी झाल्यापासून खपत होते.

"परवानगी कुणाची घेतलीत?" मी तात्यांना विचारलं.

"आमी सभासद हाव की! सोताच्या घरात झाडलोट करायला कोन इचारतंय?"

हे मला तेव्हा फार आवडलं होतं. वहीत लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच माझ्या हातात पाना आणि जळक्या ऑइलचा डबा आला. दोन रुळांच्या सांध्यावर लोखंडी पट्टी असते, तिला चार बोल्ट. एकेक बोल्ट ढिला करायचा, गंज खरवडायचा, तेल पाजायचं, पुन्हा आवळायचा. आधीचे सगळे सांधे त्यांनी करून ठेवले होते, वस्तीकडचे शेवटचे वीसेक उरले होते.

"इतके लाड कशाला?" मी घाम पुसत म्हटलं.

"उनात रूळ लांबतो ताई. बोल्ट जाम आसंल तर त्यानं जावं कुठं? वाकतो, अन् ट्रॉली पडती. सांधा हातानं खुलाया पायजे. मी हितं असताना एक बी ट्रॉली पडली न्हाई."

दुपारी वस्तीवरची सुमन सगळ्यांसाठी भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. पस्तिशीची असेल. रोज या रुळांतूनच विहिरीवर चार खेपा करते, डोक्यावर दोन घागरी. गुडघे आत्ताच दुखायला लागलेत. जेवण इतकं चवदार होतं की मी तिसरी भाकरी मागितली, आणि मग लक्षात आलं, की हे पीठसुद्धा तिनं वाहून आणलेल्या पाण्यात मळलंय.

"तात्या, उद्या नक्की का?"

"उद्या सकाळी तुज्या दारात."

"बघा हं. म्या उद्याच्याला खेप करनार न्हाई."

तिसऱ्या दिवशी ट्रॉलीला हार घातला. टाक्या भरल्या. वस्तीवरच्या बायका विहिरीपाशी जमल्या होत्या. परत जाताना ट्रॉलीच्या बाजूनं मोकळ्या हातांनी चालायचं, असं त्यांचं ठरलं होतं. तेवढ्यात फाटकातून दोन ट्रक आत आले.

ट्रकमधून उतरलेला माणूस अगदी सभ्य होता, तेच जास्त लागलं. कारखाना गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्यानं भंगाराचा लिलाव केला होता. रूळ, पट्ट्या, ट्रॉल्या सगळं यादीत. कागदावर शिक्के होते. तात्यांनी खिशातून सभासदाचं ओळखपत्र काढलं, त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि परत दिलं.

"पाणी न्या ताई, पाण्याचं काही नाही," तो सुमनला म्हणाला. "फक्त ट्रॉली मोकळी करून द्या."

बायकांनी टाक्यांतलं पाणी घागरींत ओतून घेतलं आणि एकामागून एक चालू लागल्या. कुणी भांडलं नाही. मी भांडले, मोठ्यानं, शहरी मराठीत, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

त्यांनी लोखंड कापायला गॅसचे कटर आणले होते. ते ट्रकमधून खालीसुद्धा उतरवावे लागले नाहीत. पोरांनी पाने लावले आणि बोल्ट फिरत गेले.

"आठ दिवस धरले होते आम्ही," तो माणूस खुशीत म्हणाला. "हे तर उद्या आटपतंय. कुणी तेल घातलंय का काय?"

तात्या विहिरीच्या काठावर जाऊन बसले. माझे हात अजून काळे होते. ते मी ओढणीखाली लपवले.

पुढचं लिहायला जड जातंय. ट्रकवाल्यांची माणसं नवखी होती, रूळ कसाही उचलत होती. एकाचा पाय थोडक्यात वाचला. तात्या उठले. "थांबा बे! समदे एका बाजूला व्हा." मग त्यांनी स्वतः उभं राहून हाळी दिली, "धरा... उचला... सबूर... सोडा!" दुपारपर्यंत सुटले तेवढे आपले रूळ तात्यांनी आपल्याच आवाजावर ट्रकमध्ये चढवले. कुणाचं नखही दुखावलं नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्या रागाची आजही शरम वाटते.

धारूरचा किल्ला बघायचा राहिला. तुम्ही गेलात तर सकाळी जा, उन्हाच्या आत. मी मिळेल ती बस धरून निघाले.

घरी येऊन महिना झाला. काल धीर करून सुमनला फोन लावला. गुडघ्यांचं विचारलं. वळवाचा पाऊस नाही, विहिरीनं तळ गाठलाय, घागर पुरती भरत नाही, म्हणून खेपा आता पाच झाल्यात. मग तिनंच माझी समजूत घातली.

"तुमी नका मनाला लावून घेऊ ताई. रूळ गेल्यापासनं एक बरं झालंय. घागरी घेऊन येताना पायाला ठेच लागत न्हाई."