आधी उतरवायची खुर्ची

कल्पना करा, तुम्ही एका अनोळखी घराच्या दिवाणखान्यात उभे आहात. समोर काचेचं कपाट, त्यात ठेवणीतल्या बश्या. भिंतीला टेकलेला माणसाएवढा आरसा, कोपऱ्यात शिवणयंत्र, खिडकीत कुंड्या. हे सगळं घर जहाजाने समुद्रापलीकडे जाणार आहे. तिकडे जी माणसं ते कंटेनरमधून उतरवून नव्या घरात लावणार आहेत, त्यांनी हे घर पाहिलेलं नाही आणि तुमची भाषा त्यांना येत नाही. तुमचं काम एवढंच, की एक-दोन पानं इंग्रजीत लिहायची. ती वाचून त्या माणसांच्या हातून एकही बशी फुटता कामा नये. घ्या पेन. पहिलं वाक्य काय लिहाल?

या पहिल्या वाक्याने माझ्या मामाला वर्षभर घाम फोडला.

मामा घरं हलवणाऱ्या कंपनीत आहे. मिसरूड फुटल्यापासून तो तिथेच. त्याने लावलेला माल खड्ड्यांतूनही जागचा हलत नाही, म्हणून कंपनीत सगळे त्याला 'उस्ताद' म्हणतात. फ्रिज पाठीवर घेऊन गाणं गुणगुणत जिने उतरणारा माणूस. मग एक दिवस एका अरुंद जिन्यात त्याची पाठ धरली, ती सुटेचना. डॉक्टरांनी फोटो काढला, दिव्यावर धरला आणि सांगितलं, "आता उचलणं कायमचं बंद."

कंपनीत न उचलण्याचं काम एकच होतं, पाहणीवाल्याचं. पाहणीवाला आधी घरी जाऊन येतो, काय नाजूक आहे, काय सुटं करावं लागेल, तिकडे कुठे काय लावायचं, हे पाहतो आणि इंग्रजीत लिहून देतो. मालाची यादी वेगळी असते, ती ऑफिस करतं. पाहणीवाल्याने लिहायचं ते घर कसं हलवायचं याबद्दल. जुने पाहणीवाले निवृत्त होणार होते. मॅनेजर मामाला म्हणाला, "उस्ताद, घर तुला आमच्यापेक्षा चांगलं कळतं, ते मला माहीत आहे. पण तिकडच्या माणसाला तू कुठे भेटणार? त्याला कागदच भेटणार. जागा रिकामी होईल तेव्हा एक खरं घर देतो, लिहून दाखव. जमलं तर काम तुझं. नाही जमलं तर घरी आराम कर."

आराम या शब्दाची मामाला जेवढी धास्ती, तेवढी कुठल्याच फ्रिजची नाही. मामीला तर त्याहून जास्त.

"अहो, शिका काय ते इंग्रजी," ती म्हणाली. "आठवडाभर घरी होतात तर माझी भांडी मापाप्रमाणे एकात एक घालून ठेवलीत. परातीखाली झाकलेली कढई मला अजून सापडली नाहीये."

मामाला इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. ग्राहकांशी बोलण्यापुरतं यायचं, वाचलेलं बरंचसं कळायचं. पण लिहायला बसला की एकेक शब्द दिसायचा आणि त्यांचं घर काही उभं राहायचं नाही. म्हणून त्याने वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. चष्मा साखळीला, आवाज फळ्यापासून दारापर्यंत पोचणारा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं?" मामा म्हणाला, "कंपनीत उस्ताद म्हणतात." बाई म्हणाल्या, "बरं. इथे कोण उस्ताद, ते बघू."

पहिला निबंध होता 'माझं काम'. मामाने पूर्ण पान भरलं. सुरुवात दोरांपासून. मग ब्लँकेटं, मग पट्टे, मग सकाळी लवकर उठणं, मग पाऊस आल्यावर होणारी धावपळ, मग जिने. अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की मी घरसामान बांधतो आणि हलवतो.

बाईंनी चष्मा खाली घेतला. "उस्ताद, तुम्ही काय काम करता हे मला शेवटच्या ओळीत कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं, तुमचा घोड्यांचा तबेला आहे."

वर्ग हसला. मामाही हसला, पण त्याला ते पटलं नव्हतं. "मी मुद्दामच शेवटी ठेवलं, बाई. जे आधी लागणार असतं, ते शेवटी चढवायचं. म्हणजे ते दाराशी राहतं."

"हो का? मग या कागदाचं दार कुठे आहे?"

मामाने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बाईंनी ते बोट धरलं, पानावरून वर नेलं आणि पहिल्या ओळीवर टेकवलं. "वाचणारा इथून आत येतो."

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आला तो जिन्यातूनच बोलत. मी त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि पंपांच्या कारखान्यात आराखडे काढते. "ऐकलंस का गं," तो म्हणाला, "मी इतके दिवस दार उलट्या बाजूला समजून माल भरत होतो. वाचणाऱ्याने आत पाय टाकला, की त्याच्या तोंडावर दोरच दोर."

दार कळल्यावर पुढची भानगड झाली. मामाने सगळं महत्त्वाचं पहिल्याच वाक्यात कोंबायला सुरुवात केली. एका वाक्यात आरसा, आरशाची फुटकी चौकट, ती कशी फुटली, कोणी फोडली, फोडणारा आता कुठे असतो, आणि म्हणून आरसा उभाच ठेवावा. बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. चौकट फोडणाऱ्या माणसापर्यंत पोचेस्तोवर मामाचा श्वास संपला.

"हा खोका," मामा दम घेत म्हणाला, "दोघांना उचलावा लागेल."

"मग तुमच्याकडे अशा खोक्याचं काय करतात?"

"भरूच देत नाही. एकट्या माणसाला जिना उतरवता येईल एवढंच एका खोक्यात. पुस्तकं असतील तर लहान खोका. जड माल, लहान खोका."

 बाईंनी फक्त वही त्याच्याकडे सरकवली. मामाने त्या एका वाक्याचे तुकडे करायला घेतले. आरसा उभा ठेवा. त्याची चौकट खालच्या बाजूला फुटली आहे. ती कोणी फोडली हे त्याने गाळलं, पण जरा नाखुशीनेच. फोडणाऱ्यावर त्याचा राग होता.

परिच्छेद मात्र त्याला पटकन कळला. एका खोक्यात एकाच खोलीचा माल, हे तो आयुष्यभर पोरांना ओरडून सांगत आला होता. आणि खोक्यावर नाव घालायचं ते बाजूला, वर नाही. खोके एकावर एक चढले की वरचं नाव झाकलं जातं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य म्हणजे बाजूला लिहिलेलं नाव, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि मग त्याला दुसऱ्यांचे खोके तपासायचं वेडच लागलं. सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायचा आणि मामीला हाक मारायचा. "हे बघ. नाव घातलंय पाणीपुरवठा, आत सगळी निवडणूक. कोणी भरलाय हा खोका?"

"तुम्ही तुमचा चहा भरा आधी पोटात," मामी म्हणायची. "निवडणूक गार होत नाही."

सगळ्यात चिवट निघाली ती वेगळीच सवय. खोक्यात पोकळी राहिली तर आतलं सामान खडखडतं, म्हणून मामा रिकाम्या जागेत चुरगळलेले कागद ठासून भरतो. लिहितानाही तो तेच करायचा. वाक्य जरा लहान वाटलं, की 'व्हेरी व्हेरी' घाल, 'अ‍ॅज एव्हरीबडी नोज' घाल, 'इन माय हंबल ओपिनियन' घाल. बाईंनी एका निबंधात असे सगळे शब्द पेन्सिलीने झाकले, तर निबंध अर्ध्यावर आला.

मामा हिरमुसला. "बाई, कागद काढले तर वाक्य वाजेल ना."

"खोका मोठा घेतलात म्हणून वाजतं. मालाच्या मापाचा घ्या."

हे घरी सांगितल्यावर मामी मला म्हणाली, "बघितलंस? परक्या भाषेत एवढे जास्तीचे शब्द! माझ्याशी बोलताना इतक्या वर्षांत एक 'व्हेरी' वापरला नाही यांनी."

"तुझ्याशी बोलताना पोकळी कुठे सापडते?" मामा म्हणाला. मामीने त्याच्या पाठीवर हलकाच धपाटा घातला. दुखऱ्या बाजूला नाही, दुसऱ्या.

असे दिवस छान चालले होते. पाठ दुखायची, पण मामा खुशीत असायचा. सुट्टीच्या दिवशी मी खाली जायचे, तो लिहिलेलं वाचून दाखवायचा, आणि मी काही म्हणायच्या आतच स्वतःच एखादा शब्द खोडायचा. मग मॅनेजरचा निरोप आला. घर मिळालं होतं.

घर एका आजी-आजोबांचं होतं. ते लेकीकडे कायमचे राहायला चालले होते. मामा खोल्याखोल्यांतून फिरला. कपाटं उघडून पाहिली, दारांची रुंदी हाताच्या वितीने मापली, पलंग कुठे सुटा होतो ते वाकून पाहिलं आणि वाकल्याबद्दल पाठीची बोलणी खाल्ली. आजोबा खिडकीपाशी लाकडी हातांच्या एका जुन्या खुर्चीत बसून होते. त्यांनी मामाला विचारलं, "तुम्ही धाकट्याचे मित्र का?" थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

आजी मामाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "बश्या फुटल्या तरी चालतील," ती हळू आवाजात म्हणाली. "ती खुर्ची तेवढी आधी लावायला सांगा. यांच्या लक्षात काही राहत नाही. घरात परकी माणसं, खोके, गडबड दिसली की बिथरतात, बाहेरच निघून जातात. पण त्या खुर्चीत बसले की त्यांना आपलं घर वाटतं. खिडकीशी हवी हं. गेल्या गेल्या."

"आधी लावतील, आजी. सांगतो," मामा म्हणाला.

मग तो जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसला. मॅनेजर सोफ्यावर बसून घड्याळ पाहत होता, त्याला पुढे जायचं होतं. मामाने एकेक खोली घेतली. वाक्यं लहान, नावं बाजूला, चुरगळलेले कागद कुठे नाहीत. हात झरझर चालला. पूर्ण झाल्यावर त्याने बाईंच्या सांगण्याप्रमाणे पहिल्यापासून वाचलं, आणि शेवटच्या परिच्छेदाशी तो थबकला.

खुर्ची सगळ्यात शेवटी होती.

वर्गात बाकावर बसलं की त्याला वाचणारा दिसायचा. इथे खऱ्या घरात उभं राहिल्यावर त्याला कंटेनर दिसायला लागला होता. खुर्ची आधी हवी, म्हणून त्याच्या हाताने ती शेवटी चढवली होती, अगदी दाराशी. तिकडचा माणूस पलंग वाचेल, आरसा वाचेल, बश्या वाचेल, सगळं आत आणेल आणि मग खुर्चीपाशी पोचेल. तोवर आजोबा रस्त्यावर.

"झालं का, उस्ताद?" मॅनेजर उठला.

"साहेब, जरा थांबा. माल उलटा भरलाय."

"आता सगळं पुन्हा लिहिणार? मला उशीर होतोय."

मामाने पानाकडे पाहिलं. कंटेनरमध्ये खालचा खोका ओढला तर वरची थप्पी अंगावर येते. पण हे सगळे खोके आपापल्या जागी बंद होते, कुठलाच कुणावर टेकलेला नव्हता. त्याने शेवटच्या परिच्छेदावर रेघ मारली, कोरा कागद घेतला आणि त्यावर फक्त एवढंच इंग्रजीत लिहिलं. सगळ्यात आधी लाकडी खुर्ची उतरवा. ती दाराशीच आहे. ती खिडकीशी ठेवा आणि आजोबांना तिच्यात बसू द्या. मग बाकीचं घर आत आणा. तो कागद त्याने वर लावला आणि गठ्ठा मॅनेजरच्या हातात दिला.

मॅनेजरने उभ्यानेच वाचलं. पहिला कागद वाचून त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं. मग उरलेलं सगळं वाचलं, सोफ्यावर परत बसून.

"स्पेलिंगं चुकली आहेत," तो म्हणाला.

मामाने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"ती ऑफिसात बघतील. उद्या सकाळी दुसऱ्या घरी जायचंय तुला. आणि स्वतःचं पेन आण. हे माझं आहे."

मामाने पेन पुसून परत केलं. आजोबांनी त्याला निघताना पुन्हा विचारलं, "तुम्ही धाकट्याचे मित्र ना?" आणि या वेळी मामा म्हणाला, "हो."

आता मामा पाहणीवाला आहे. खिशाला स्वतःचं पेन, पाठीला पट्टा, तोंडात तेच गाणं. बाईंच्या वर्गाला तो अजूनही जातो. आता तिथे जायची गरज काय, असं मामीने विचारलं तर म्हणतो, "खोके लावता आले म्हणजे घर लावता आलं असं नाही." मामीला कढई सापडली आहे. सगळं ठीक चाललंय.

त्या घराचा माल पोचला. सगळं मिळालं, काही फुटलं नाही, अशी सही करून पावती आली. मॅनेजरने मामाला दाखवली आणि फाइल बंद केली. पण मामाच्या मनातून ते घर अजून उतरलेलं नाही. परवा आमच्या गॅलरीत बसला होता, समोरच्या इमारतीत कोणाचं तरी सामान चढत होतं, ते बघता बघता म्हणाला, "सही काय गं, सगळं आत टाकून झाल्यावरही करतात. फुटलं नाही एवढंच त्या सहीतून कळतं. माझं पहिलं वाक्य त्यांनी पहिलं वाचलं का? खोके आत येत होते, तेव्हा आजोबा बसलेले होते का?"