वीतभर तांब्याची तार

अँटेनाच्या पाकिटावर छापलेलं अंतर हे लग्नाच्या बायोडाटात लिहिलेल्या पगारासारखं असतं. अर्ध्यावर आलं तरी नशीब समजायचं. हे मी हिंगोलीच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळता सांभाळता शिकले नाही, आमच्या शेताच्या बांधावर शिकले.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, अण्णांना न विचारता बैलजोडी विकली आणि अण्णा त्याच दिवशी घर सोडून शेतातल्या आखाड्यावर राहायला गेले. एक खोली, वर पत्रे, समोर रिकामी दावण. वय सत्तरीच्या पुढं, अधूनमधून चक्कर यायची. पुसेगावच्या अलीकडं, ओढ्याकाठी खोलगटात आमचं शेत आहे आणि तिथं मोबाईलला अजिबात रेंज नाही. मी म्हटलं, गावातल्या घरी जायचं नसेल तर हिंगोलीला माझ्याकडं चला. अण्णा म्हणाले, "लेकीच्या दारात राहू का आता?" लेकीकडं राहायचं नाही, लेकानं विचारायचं नाही, आणि म्हाताऱ्यानं रानात एकटं पडायचं, ही आमच्याकडची अब्रू. मला या अब्रूचा तेव्हाही संताप यायचा.

मग मी एक बटण करायचं ठरवलं. आम्ही पोरांना शिकवतो ते रेडिओचे छोटे मॉड्यूल काड्यापेटीपेक्षा लहान असतात, वीज नावाला खातात आणि 'हो' किंवा 'नाही' एवढाच निरोप लांबवर नेतात. अण्णांनी आखाड्यावर बटण दाबलं की घरातल्या डबीतून शिट्टी वाजेल. शिट्टी वाजली की घरची डबी आपण होऊन उलट निरोप धाडेल आणि अण्णांच्या पुढ्यात हिरवा दिवा लागेल. म्हणजे त्यांना कळावं की घरी ऐकू गेलं. या दिव्याचा मला फार अभिमान होता.

प्रश्न फक्त अँटेनाचा होता. मॉड्यूलबरोबर फुकट येते ती स्प्रिंगची, बॉलपेनात असते तशी. रबरी दांड्याची एक. लोहचुंबकाच्या बुडाची एक, जिच्या पाकिटावर सगळ्यात मोठा आकडा होता. आणि चौथी मी स्वतः केलेली: घरातल्या वायरिंगमधून उरलेली तांब्याची तार, वीतभराला जराशी कमी, आणि तिच्या बुडाशी छत्रीच्या काड्यांसारख्या खाली झुकवलेल्या चार तारा.

सुट्टीच्या दिवशी एक डबी वहिनीजवळ घरात ठेवायची, दुसरी हातात घेऊन आखाड्याच्या वाटेनं चालायचं, आणि चालता चालता बटण दाबायचं. हिरवा दिवा लागायचा बंद झाला की त्या जागच्या झाडाला चिंधी बांधायची. प्रत्येक अँटेनाचा रंग वेगळा. खुरपायला निघालेल्या बायका मला बघून थांबायच्या. "काहून वं बाई, बाभळीला नवस बोलून राहिली का?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, व्हय, म्हाताऱ्यासाठी. त्या खूप हसल्या आणि मीही हसले.

स्प्रिंगवाली गावाबाहेरही धड पडली नाही. रबरी दांडा शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत आला. चुंबकवाली पत्र्यावर उभी केली तर बरी चालायची, भिंतीवर लावली की रुसायची. रबरी दांडा एवढा का कमी पडतो म्हणून मोजून पाहिलं, तर तो आमच्या मॉड्यूलसाठी नव्हताच, दुसऱ्याच कुठल्या लहरींसाठी कापलेला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सब सेम है." मी घरी केलेली तार मात्र थेट आखाड्यात पोचली. तूर उंच होऊन दवानं भिजली की तीही लटपटायची. मग मी ती घरावर बांबू रोवून वर चढवली, आखाड्यावरच्या डबीलाही तशीच उभी केली, त्या डबीशी बोलणारं दिव्याचं छोटं बटण अण्णांच्या करदोट्याला बांधलं, आणि मग कुठल्याही हवेत दिवा लागू लागला. अण्णा पुन्हा पुन्हा बटण दाबायचे आणि लहान लेकरासारखे माझ्याकडं बघायचे.

सुरुवातीला शिट्टी वाजली की घरून कुणीतरी धावायचं. पण एकट्या माणसाला बटण दिलं की तो ते दाबणारच. तंबाखू संपली, दाबलं. भाकरीला उशीर झाला, दाबलं. कधी कधी काहीच कारण नसायचं. दादा म्हणायचा, "तुजं खेळनं घेऊन जा बरं. लई तकलीफ झाली." मी ऐकून घेतलं आणि डबी तिथंच ठेवली.

हिवाळ्यातल्या एका दुपारी अण्णा दावणीपाशी घसरून पडले. घोट्याचं हाड मोडलं. बटण कमरेच्या करदोट्यालाच होतं. दिवस कलल्यावर शेजारचा शेतकरी म्हशीला चारा टाकायला आला, तेव्हा त्याला ते मातीत पडलेले दिसले.

मी हिंगोलीहून पोचले तोवर प्लास्टर झालं होतं. अण्णांना गावातल्या घरी आणून निजवलं होतं आणि बघायला पाहुणे जमले होते. दादा सगळ्यांना सांगत होता, "हिची तार कामाची न्हाई. वाजलंच न्हाई घरी." मी अण्णांकडं पाहिलं. ते म्हणाले, "व्हय. दिवा लागलाच न्हाई." झालं. वायरीच्या तुकड्यात कुठं अँटेना असते का, असं पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मी अण्णांच्या करदोट्याचं बटण सोडून घेतलं, तडक आखाड्यावर गेले आणि ते दाबलं. दिवा लागला. परत येऊन स्वयंपाकघरात वहिनीसमोर उभी राहिले. ती चुलीकडं बघत बोलली, "वाजलं व्हतं, वन्सं. लई येळ वाजलं. ह्ये म्हनले, तंबाखू सपली असंल. डबीवर वाकळ टाकली, आवाज येऊ नाही म्हनून." वाकळेखाली शिट्टी दबते, रेडिओ दबत नाही. म्हणजे घरातून उलट निरोप जात राहिला आणि तिकडं मातीत पडलेल्या अण्णांच्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा लागत राहिला.

पाहुणे गेल्यावर मी अण्णांना विचारलं, खोटं का बोललात. ते म्हणाले, "लागला व्हता, माय. दाबलं की लागत व्हता. पन चार मान्सात पोराला काय नागवं करायचं?" लेकीला केलं तर चालतं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. मग मी त्यांच्या प्लास्टरच्या पायाखाली उशी सरकवली.

पाय बरा होताच अण्णा पुन्हा आखाड्यावर गेले. दादाला बहुधा काहीतरी टोचत असावं, त्यानं शहरातून चकचकीत अँटेना आणली, तोच रबरी दांडा, फक्त मोठा. घरावरची माझी तार काढून ती लावली आणि गावभर सांगितलं की आता बराबर कंपनीचा माल बसवला. मी पुढच्या सुट्टीला आखाड्यावर गेले आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, बांबूजवळ जाऊन दाबलं, काही नाही.

मी पिशवी उचलली. म्हटलं, अण्णा, हे पोचतच नाही, मी आत्ता घरी जाऊन जुनी तार चढवते.

अण्णांनी माझं मनगट धरलं. "राहू दे," ते म्हणाले. "हिरवा लागायचा अन् वाटंवर कोनी दिसायचं न्हाई. लई बेकार वाटतं, माय. आता लागत न्हाई. म्हंजी त्याईला कळालंच न्हाई, असं तरी म्हनता येतं."