रजेवरचे सभासद

गेल्या रमजानच्या पहिल्या शुक्रवारी सौदीतल्या अल खर्जच्या आमच्या डेअरीतल्या जुन्या प्रशासन अधिकाऱ्यांवर अन्याय झाला. परदेशी माणसांच्या जागा सौदी नागरिकांना देण्याच्या सौदीकरणात त्यांची नोकरी आधीच गेली होती. तो सरकारी नियम. पण त्यांनीच स्थापन केलेल्या पक्षी-अभ्यास मंडळाची पुस्तिका डेअरीच्या नव्या समितीने त्या दिवशी काढली आणि तिच्यात त्यांचं नावच नव्हतं. हा कुठला नियम?

माणूस रत्नागिरीकडचा, एकटा राहणारा. दर शुक्रवारी सकाळी तळ्याकाठी सभा भरवायचा. सभासद एकेक करून कायमचे मायदेशी गेले, तरी हजेरीत प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यायचा, उत्तरासाठी थांबायचा, मग 'रजेवर' असं लिहायचा.

"चाचा, ते आता येत नाहीत," मी एकदा म्हणालो.

"राजीनामा दिलाय कुणी? नाही ना? मग गप बस नि बगळे मोज."

शेवटच्या सभेला आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्या हातात स्वतःचा रजेचा अर्ज दिला. परतण्याची तारीख कोरी होती. मी सही केली.

रजेवरच्या सभासदांनो, तुम्ही त्या मंडळात होतात. आजच समितीला पत्र लिहा आणि संस्थापकाचं नाव पहिल्या पानावर छापायला लावा.