अप्पांचा अडकित्ता आणि माझा इंटरव्ह्यू

गोधडीखाली मला इतका घाम फुटला होता, की मला पिळलं असतं तर आमच्या विहिरीचं पाणी दोन हात वर आलं असतं. अंधेरीतल्या आमच्या अंगणात, आंब्याच्या फांदीला एकाच दोराने टांगलेल्या फळीवर मी बसलो होतो. मांडीवर होकायंत्र. चोरबाजारातून आणलेलं, लष्करी, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं. डोक्यावरून घरातली सगळ्यात जाड गोधडी. आणि बाहेरून माझी धाकटी बहीण शालू ती फळी हळूहळू फिरवत होती.

"दादा, तोंड कुठे आहे?"

"उत्तरेला."

"उत्तरेला? तू आत्ता जोशीकाकूंच्या मोरीकडे बघतोयस."

हा पोरखेळ नव्हता. विमान ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. मग कान आणि पोट संगनमत करून तुम्हाला फसवतात. विमान वळत असतं आणि तुम्ही शपथेवर सांगता, की नाकासमोर चाललोय. म्हणून पोटाचं ऐकायचं नाही, काट्यांचं ऐकायचं. याला ब्लाइंड फ्लाइंग म्हणतात. जुहूच्या फ्लाइंग क्लबात मी दोनशे तास उडालो होतो. (लोकांना मी दोन हजार सांगत असे.) पण ब्लाइंड फ्लाइंगमध्ये मी कच्चा होतो, आणि एका विमान कंपनीने मला नेमकं त्याच्याच टेस्टसकट इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. शनिवारी.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी साहेबाच्या हातापाया पडून माझ्यासाठी कारकुनाची एक जागा धरून ठेवली होती. म्हणाले, "शनिवारी जमलं तर उड. नाहीतर सोमवारी डबा घेऊन माझ्याबरोबर चल." त्या कचेरीतल्या खुर्च्या मी पाहिल्या होत्या. त्यांत बसलेला माणूस पेन्शनीलाच उठतो.

तिसऱ्या दिवशी होकायंत्राला वेड लागलं. फळी जागची हलत नव्हती आणि काटा मात्र सरकायला लागला. शालू म्हणाली, मी हातही लावला नाही. मी म्हटलं, लावलास. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग उलगडा झाला. अप्पा कचेरीतून आले, की पानाचा डबा घेऊन माझ्याजवळ यायचे आणि यंत्र काय म्हणतंय ते गोधडीच्या फटीतून वाकून बघायचे. हातात अडकित्ता. अस्सल लोखंडी, नारळ कातरेल असा. होकायंत्राजवळ लोखंड आलं की काटा त्याच्यामागे धावतो.

त्यावर मी तोड काढली. फळी फिरली की दोर कुरकुरायचा. दोर कुरकुरतोय आणि काटा सरकतोय, तर खरंच वळलो. दोर गप्प आणि काटा सरकतोय, तर अप्पा आले. मग मी आतूनच म्हणायचो, "अप्पा, अडकित्ता बाजूला ठेवा." अप्पा रागावून दोन पावलं मागे जायचे आणि घटकाभराने परत यायचे. आठवडाभरात हे वाक्य मी दहा हजार वेळा तरी म्हटलं असेन.

शनिवारी सायकल मारत सांताक्रूझला पोचलो. अकरा उमेदवार होते. आधी बोर्डापुढे इंटरव्ह्यू झाला. मधोमध कॅप्टन धुरंधर, मिशा अशा की दोन्ही टोकांवर दिवे लावावेत. त्यांनी विचारलं, कधी संकटात सापडलायस का? झालं, माझी जीभ सुटली. मढच्या किनाऱ्यावर इंजिन कसं बंद पडलं आणि कोळ्यांच्या वाळत घातलेल्या जाळ्यांमधून मी विमान वाळूवर कसं टेकवलं, ते मी रंगवून सांगितलं. कॅप्टननी शांतपणे माझं लॉगबुक चाळलं. प्रत्येक उड्डाण त्यात नोंदवावं लागतं.

"यात मढ कुठे दिसत नाही."

"साहेब, तेव्हा भरती होती."

कुणी हसलं नाही. आता सगळी भिस्त टेस्टवर होती.

ही टेस्ट लिंक ट्रेनरमध्ये होते. म्हणजे जत्रेतल्या पाळण्यात असतं तसं, तोकड्या पंखांचं खोटं विमान. वर झाकण लावलं की आत तुम्ही आणि काटे. ते खोकं जागच्या जागी वळतं, झुकतं. परीक्षक हेडफोनवर हुकूम सोडतो आणि बाहेर टेबलावर एक यंत्र तुमचा मार्ग नकाशावर शाईने काढत जातं. माझ्या आधीच्या गड्याची शाई अरबी समुद्रात गेली होती.

मला हुकूम मिळाला, दहा मिनिटं सरळ उत्तरेला. चार मिनिटं झकास गेली. मग होकायंत्राचा काटा उजवीकडे सरकायला लागला. विमान वळवणाऱ्या रडरवर पाय आपोआप दाबला जाणार, तेवढ्यात माझी नजर टर्न इंडिकेटरवर गेली. विमान वळतंय की नाही, एवढंच सांगणारा हा काटा. तो मधोमध, ढिम्म. दोर गप्प, आणि काटा सरकतोय. पाय आखडता घेतला, पण तोंड कोण आवरणार?

"अप्पा, अडकित्ता बाजूला ठेवा."

माइक चालू होता. उरलेली मिनिटं मी उत्तरेला उडत सोमवारच्या डब्यात काय असेल याचा विचार केला. झाकण उघडलं. बाहेर कॅप्टन धुरंधर. हातात मुठीएवढं लोहचुंबक.

"हे अप्पा कोण?"

मग मी सगळं सांगितलं. आंबा, गोधडी, शालू, दोर, सुपारी. जन्मात पहिल्यांदाच मी पदरचं काही न घालता गोष्ट सांगत होतो, आणि ती माझ्या सगळ्या थापांपेक्षा खोटी वाटत होती. कॅप्टननी नकाशा पुढे केला. शाईची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ होती.

"मढची गोष्ट तू रचलीस," ते म्हणाले. "ही कुणाच्या बापाला रचता यायची नाही. सोमवारी ये."

सोमवारी अप्पा कचेरीत एकटेच गेले. जाताना आईला म्हणाले, "नोकरी माझ्या अडकित्त्याने लावली हो."

पुढे नव्या पोरांना शिकवताना मी एवढंच सांगत असे. काटा खोटं बोलत नाही, पण तो सरकला तर आधी दुसरा काटा बघा, आणि मग शेजारी कोण उभं आहे ते.

दोन वर्षांनी अप्पा पहिल्यांदा माझ्या विमानात बसले. कॉकपिट बघायला आले तेव्हा दारातच मी हात पुढे केला. त्यांनी मुकाट्याने अडकित्ता काढून दिला. तरी काटा हललाच. दुसरा अडकित्ता त्यांच्या कोटाच्या खिशात होता.